ट्रॉलीचे चाक कसे निवडावे: आधी वाट, मग वजन

माल वाहण्यासाठी हातगाडी किंवा ट्रॉली घेताना बहुतेक जण सांगाडा तपासतात. पाइप किती जाड आहे, वेल्डिंग नीट झाले आहे का, वरचा पत्रा वाकेल का, हे सगळे पाहून होते आणि चाकांच्या बाबतीत ‘ही एवढे वजन घेतील ना?’ एवढा एकच प्रश्न विचारून व्यवहार पुरा होतो. प्रत्यक्षात सांगाडा वर्षानुवर्षे टिकतो आणि रोजचा त्रास होतो तो चाकांचा. गाडी जड लागते, वळता वळत नाही, उंबरठ्यावर अडते, फरशीवर काळे पट्टे उठवते, लांबून ऐकू येईल इतका खडखडाट करते. या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा चाकात असते आणि त्यांची किंमत ढकलणाऱ्या माणसाची कंबर, खांदे आणि मनगटे चुकती करत असतात. म्हणून हा विषय किरकोळ मानू नये असे मला मनापासून वाटते.

येथे दोन प्रकारच्या गाड्यांचा विचार केला आहे. पहिली म्हणजे दोन चाकांची उभी ट्रॉली, जिच्या खालच्या पट्टीवर खोकी किंवा पोती रचून ती मागे कलती करून न्यायची असते. दुसरी म्हणजे चार चाकांची सपाट गाडी, जिला कॅस्टर लावलेले असतात. कॅस्टर म्हणजे स्वतःच्या लोखंडी चिमट्यासह येणारे आणि गाडीच्या तळाला बोल्टने बसवायचे चाक. दोन्ही गाड्यांना लागू होणारी मूळ तत्त्वे सारखीच आहेत, आणि त्यांतले पहिले असे की चाक आधी वाटेवरून ठरवावे आणि मग वजनावरून. वजन पेलणारे चाक सहज मिळते. पण वजन पेलूनही तुमच्या वाटेवर नीट चालणारे चाक मिळवायचे, तर ती वाट आधी नीट पाहिलेली असावी लागते.

यासाठी गाडी जिथून भरली जाते तिथून जिथे रिकामी होते तिथपर्यंत एकदा रिकाम्या हाताने, खाली पाहत चालून यावे. फरशी गुळगुळीत आहे की खडबडीत, लाद्यांमधले सांधे किती रुंद आहेत, लिफ्टच्या दारात किती फट आहे, वाटेत सांडपाण्याची जाळी येते का, उंबरठा किती उंच आहे, उतार कुठे आहे, पाणी, तेल किंवा लोखंडाचा कीस कुठे सांडलेला असतो, हे सगळे टिपून घ्यावे आणि उंबरठ्याला व फटीला पट्टी लावून प्रत्यक्ष मोजावे. या वाटेतली सर्वांत वाईट जागा तुमचे चाक ठरवते. शंभर मीटर आरशासारखी फरशी आणि मध्ये एक दोन सेंटिमीटरचा उंबरठा असेल, तर निवड त्या दोन सेंटिमीटरवर होते.

उंबरठ्याला एवढे महत्त्व का, ते शाळेतल्या भूमितीने समजते. चाक पायरीला टेकले की ते पायरीच्या कडेभोवती फिरून वर चढावे लागते आणि त्यासाठी किती जोर लागेल हे पायरीची उंची व चाकाची त्रिज्या यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. समजा चाकाचा व्यास १०० मिलिमीटर आहे आणि पायरी १० मिलिमीटरची आहे. थांबलेल्या स्थितीतून हे चाक वर चढवायला त्यावरील भाराच्या पाऊणपट जोर आडवा लावावा लागतो. व्यास २०० मिलिमीटर केला, तर तीच पायरी भाराच्या निम्म्याहून थोड्या कमी जोरात पार होते. पायरी २० मिलिमीटरची झाली, तर मोठ्या चाकाला पाऊणपट जोर लागतो, लहान चाकाला मात्र भाराच्या सव्वापटीहूनही जास्त. पायरीची उंची चाकाच्या त्रिज्येइतकी झाली की आडवे कितीही ढकलले तरी चाक चढत नाही.

हे आकडे प्रत्यक्ष गाडीला लावून पाहावेत. गाडी आणि माल मिळून ४४० किलो आहेत, त्यातले अर्धे पुढच्या दोन चाकांवर आहेत आणि दोन्ही चाके एकदम १० मिलिमीटरच्या पट्टीला टेकली आहेत. १०० मिलिमीटरच्या चाकांना सुमारे १६५ किलोचा रेटा लागेल, २०० मिलिमीटरच्या चाकांना सुमारे १०७ किलोचा. यांपैकी कोणताही रेटा एकट्या माणसाला जागच्या जागी देता येत नाही. म्हणूनच माणसे गाडी दोन पावले मागे घेतात आणि वेगाने पट्टीवर आदळतात. तो दणका बेअरिंग, चिमट्याचे वेल्डिंग आणि वरचा माल सोसतो. गाडी किंचित तिरकी घालून एका वेळी एकच चाक चढवले, तर लागणारा रेटा जवळपास निम्मा होतो, एवढे तरी रोज ढकलणाऱ्याला सांगून ठेवावे. दोन चाकी ट्रॉली पायरीवर चढवताना तोंड फिरवून, आपण वर उभे राहून मागे ओढतो त्याचेही कारण हेच आहे. त्या ओढीत वर उचलण्याचा भाग असतो, ढकलण्यात तो नसतो.

सपाट फरशीवरही मोठे चाक हलके चालते. भार जितका वाढेल तितका अडथळा वाढतो आणि चाकाची त्रिज्या जितकी वाढेल तितका तो कमी होतो. हिशेब असा की भाराला चाकाच्या साहित्यासाठी ठरलेल्या एका छोट्या लांबीने गुणायचे आणि त्रिज्येने भागायचे. ही लांबी कठीण गुळगुळीत फरशीवर ओतीव लोखंडी चाकासाठी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, नायलॉनसाठी पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेर, चांगल्या पॉलियुरेथेनसाठी साधारण एक ते दीड मिलिमीटर आणि साध्या भरीव रबरासाठी याच्या कितीतरी पट असते. म्हणजे पॉलियुरेथेनच्या २०० मिलिमीटरच्या चाकांवर ४४० किलोची गाडी चालती ठेवायला साडेचार ते साडेसहा किलोचा रेटा पुरतो, आणि १०० मिलिमीटरच्या चाकांना त्याच्या दुप्पट लागतो. बेअरिंगचे घर्षण आणि जागेवरून हलवण्याचा पहिला झटका यात धरलेला नाही.

एका गोष्टीपुढे मात्र चाकाचे काही चालत नाही, आणि ती म्हणजे चढ. बारा मीटरला एक मीटर चढणाऱ्या उतारावर हीच ४४० किलोची गाडी वर न्यायला ३७ किलोचा रेटा केवळ गुरुत्वाकर्षणापायी लागतो. चाक सोन्याचे असले तरी त्यात एक किलोही कमी होत नाही. वाटेत असा चढ असेल, तर खेप लहान करणे किंवा दुसरा माणूस लावणे हाच उपाय आहे. उतरताना तर असा चढ अधिक धोक्याचा होतो, कारण सहज चालणारे चाक तिथे सहज पळते.

मोठे चाक इतके गुणी असेल, तर सगळीकडे मोठेच का लावू नये? कारण त्यामुळे गाडीचा पाट वर जातो, माल उचलून ठेवायची उंची वाढते आणि गाडी वळणावर कलंडण्याची शक्यताही वाढते. फिरत्या कॅस्टरला स्वतःभोवती पूर्ण फेरी घ्यायला जागा लागते आणि मोठ्या चाकाची ती फेरी गाडीच्या कडेबाहेर जाऊन ढकलणाऱ्याच्या घोट्याला लागू शकते. म्हणून गाडीच्या आखणीत जेवढे मोठे बसेल तेवढे घ्यावे, त्याहून मोठे नको.

आता साहित्याकडे वळतो, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात. चाक जमिनीला टेकते तिथे ते किंचित दबते आणि पुढे गेल्यावर पुन्हा मूळ आकारात येते. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत करत नाही. काही भाग उष्णता होऊन जातो आणि तोच ढकलणाऱ्याला जडपणा म्हणून जाणवतो. कठीण चाक कमी दबते म्हणून हलके चालते, पण फरशीचा प्रत्येक उंचसखलपणा तसाच्या तसा मालापर्यंत पोहोचवते. मऊ चाक तो उंचसखलपणा स्वतःत जिरवते, आवाज करत नाही, फरशीला जपते, आणि मोबदल्यात जास्त जोर मागते. चाकाच्या प्रत्येक साहित्याला या देवाणघेवाणीत स्वतःची जागा आहे.

भरीव रबराचे चाक शांत असते आणि फरशीला ओरखडा पाडत नाही, मात्र काळ्या रबरातला काजळीचा अंश फिकट फरशीवर रेघा सोडतो. अशा ठिकाणी करड्या रंगाचे, डाग न सोडणारे रबर मागून घ्यावे. रबराला तेल सोसत नाही, ते फुगते आणि मऊ पडते. भरलेली गाडी दिवसेंदिवस एका जागी उभी राहिली, तर रबर खालून चपटे होते आणि नंतर प्रत्येक फेरीला गचका देत राहते.

नायलॉनचे चाक याच्या अगदी उलट आहे. ते कठीण असते, वजन उत्तम पेलते, पाणी आणि बहुतेक तेलांना दाद देत नाही, हलके चालते आणि तुलनेने स्वस्तही पडते. तीव्र आम्लांपुढे मात्र ते टिकत नाही, तिथे पॉलिप्रॉपिलीन बरे. आम्ही एकदा लांब, लाद्यांच्या मार्गिकेत वापरायच्या गाडीला केवळ वजनाचा आकडा पाहून नायलॉनची चाके लावली. गाडी बोटाने ढकलावी इतकी हलकी चालायची, पण प्रत्येक सांध्यावर टक्क असा आवाज व्हायचा आणि अशा सांध्यांची सलग माळ असल्याने तो आवाज मार्गिकेच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जायचा. काही महिन्यांत लाद्यांच्या कडांचे टवके उडालेले दिसू लागले, कारण कठीण चाकाचे सगळे वजन एका बारीक रेषेवर येते आणि ती रेषा नेमकी लादीच्या कडेवरून जाते. मग रबर लावले. आवाज थांबला, पण ढकलणारे दमू लागले. शेवटी पॉलियुरेथेनवर येऊन थांबलो, आणि फरशी आधी नीट पाहिली असती तर मधले दोन्ही खर्च टळले असते.

पॉलियुरेथेन हे आतल्या कठीण गाभ्यावर चढवलेले लवचीक आवरण असते. गाभा ओतीव लोखंडाचा, ॲल्युमिनियमचा किंवा प्लास्टिकचा असतो. रबराइतके नाही तरी पुरेसे शांत, नायलॉनइतके नाही तरी पुरेसे हलके, झिजायला चिवट आणि फरशीला डाग न लावणारे, असे हे मधले साहित्य असल्यामुळे आतल्या गुळगुळीत फरशीसाठी पहिली पसंती त्यालाच द्यावी, असे माझे मत आहे. पण त्याचेही दोन शत्रू आहेत. पहिला वेग: आवरण सतत दबून-सुटून आतून तापते आणि उष्णता बाहेर पडायला वाट न मिळाल्यास गाभ्यापासून सुटते. ट्रॉलीच्या साध्या कॅस्टरचे आंतरराष्ट्रीय मानक ताशी ४ किलोमीटरपर्यंतच्या, म्हणजे चालण्याच्या वेगासाठी आहे. अशी गाडी एखाद्या वाहनामागे बांधून ओढली, तर चाकावर लिहिलेल्या वजनाला काहीच अर्थ उरत नाही. दुसरा शत्रू म्हणजे दमट उष्णता. पॉलियुरेथेन दोन प्रकारचे असते. पॉलिएस्टरपासून बनवलेले तेलाला आणि झिजेला चांगले, पण पाण्याने त्याचे रासायनिक बंध हळूहळू तुटतात. पॉलिईथरपासून बनवलेले पाण्याला चांगले टिकते. धुण्याच्या, वाफेच्या जागी पहिल्या प्रकारचे चाक गेले, तर ते झिजत नाही, तर कुजते. अशा एका चाकाचे आवरण मी नखाने दाबून पाहिले होते. वरून ते अखंड, चकचकीत दिसत होते, पण नख लावताच शिळ्या चिजासारखा तुकडा सुटून हातात आला आणि आतली पृष्ठे चिकट होती. तेव्हा विकत घेताना ‘पाण्यात चालेल का’ असे न विचारता ‘पॉलिईथर आहे का’ असे विचारावे.

यंत्रशाळेसारख्या जागी, जिथे जमिनीवर धातूचा कीस पडलेला असतो, मऊ आवरण मुळीच नको. कीस त्यात रुततो आणि मग ते चाक कानशीसारखे फरशी घासत जाते. तिथे ओतीव लोखंड किंवा नायलॉन योग्य. लोखंडी चाक फार जड भाराला आणि उष्णतेला चांगले, पण ते गंजते, आवाज करते आणि चांगल्या फरशीची नासाडी करते. भट्टीजवळच्या गाडीसाठी उष्णता सोसणारे फिनॉलिक रेझिनचे चाक मिळते. तिथे बेअरिंगमधले ग्रीसही उष्णतेचे हवे, नाहीतर साधे ग्रीस वितळून वाहून जाते. जिथे ज्वालाग्राही बाष्पे असतात किंवा इलेक्ट्रॉनिक भागांची ने-आण होते, तिथे साहित्याबरोबर चाकाची वीजवाहकताही पाहावी लागते. साधे करडे रबर किंवा प्लास्टिक गाडीवर स्थिर विद्युत साठू देते, म्हणून खास वीजवाहक चाके घ्यावी लागतात.

हे सारे फरशीपुरते झाले. माती, गवत, वाळू, खडी आली की हिशेब उलटतो. मऊ जमिनीत चाक किती रुतेल हे त्याखालच्या दाबावर ठरते आणि हवेच्या टायरखालचा दाब ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाइतका असतो. टायरमध्ये ३० पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो दाब असेल आणि चाकावर १०० किलो भार असेल, तर टायर जमिनीला टेकलेला भाग सुमारे ५० चौरस सेंटिमीटरचा होतो. तेवढाच भार अरुंद कठीण चाकावर दिला, तर ते जमीन चिरत जाते आणि प्रत्येक पावलाला स्वतःच केलेल्या खड्ड्यातून वर चढू पाहते. म्हणून अंगण, बाग, बांधकाम आणि कच्चा रस्ता यांसाठी दोन चाकी ट्रॉलीला २५० मिलिमीटरच्या आसपासची, हवेची, रुंद चाके लावतात.

हवेच्या चाकाला पंक्चर होते, आणि पंक्चर झाले नाही तरी हवा हळूहळू कमी होतच राहते. कमी हवेवर भरलेली ट्रॉली ओढली, तर रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटली जाते. यावर उपाय म्हणून फोमची भरीव चाके मिळतात. ती कधीच बसत नाहीत, पण त्यांत हवेइतका लवचीकपणा नसतो. ज्याला आठवड्यातून एकदा हवा तपासणे जमणार नाही त्याने फोमच घ्यावे, कारण बसलेल्या टायरपेक्षा ते केव्हाही बरे.

हवेच्या लहान चाकांबाबत दोन धोके स्पष्ट सांगायला हवेत. पहिला, या टायरची पोकळी इतकी लहान असते की पंपावरच्या कॉम्प्रेसरने क्षणार्धात मर्यादेबाहेर हवा भरली जाते आणि टायर फुटतो. मर्यादा टायरच्या बाजूवर उठावात लिहिलेली असते. हातपंपाने, थोडी थोडी, मापक लावून भरावी. दुसरा, यांतल्या अनेक चाकांची रिम दोन अर्धुकांची असते आणि ती अर्धुके बोल्टने जोडलेली असतात. पंक्चर काढण्यासाठी ते बोल्ट सैल करण्यापूर्वी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडलीच पाहिजे. हवा आत असताना शेवटचा बोल्ट सुटला, तर रिमचा तुकडा तोंडावर उडतो.

साहित्य ठरल्यावर वजनाकडे यावे. चार चाकांच्या गाडीत वजन चाराने भागण्याची सवय असते, पण ते तिनाने भागावे. जमीन कधीच पूर्ण सपाट नसते, आणि सांगाडा ताठ असल्यामुळे एखादे चाक नेहमी अधांतरी किंवा नावापुरते टेकलेले असते. गाडीचे स्वतःचे वजन ४० किलो आणि माल ४०० किलो असेल, तर चाराने भागून ११० येतात, तिनाने भागून १४७. म्हणजे निदान १५० किलोचे चाक हवे. गाडीचे स्वतःचे वजन या बेरजेतून हमखास सुटते. दोन चाकी ट्रॉली नीट तोलली की जवळजवळ सगळे वजन दोन चाकांवर येते, म्हणून तिथे दोनानेच भागावे, आणि ट्रॉली जिन्यावरून उतरवायची असेल तर क्षमतेत भरपूर वाव ठेवावा, कारण प्रत्येक पायरीवर माल उंचावरून आदळतो. जिना रोजचाच असेल, तर तीन-तीन चाकांचा चांदणीसारखा गट असलेली ट्रॉली घ्यावी; एक चाक पायरीला टेकले की गट फिरतो आणि पुढचे चाक वरच्या पायरीवर येते.

चाकाच्या मध्यभागी काय आहे याकडे फार थोडे लक्ष जाते. हलक्या, कधीमधी वापरायच्या गाडीला साधे नायलॉनचे किंवा पितळी जातीचे बुश, म्हणजे आसावर फिरणारी साधी नळी, पुरते. रोलर बेअरिंग जड वजनाला आणि दणक्यांना चांगले, मात्र त्याला वेळोवेळी ग्रीस लागते. बॉल बेअरिंग सर्वांत हलके फिरते, आणि दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेले घेतले तर धूळही आत जात नाही. जिथे रोज पाण्याने धुतले जाते तिथे साध्या बेअरिंगमधले ग्रीस धुऊन जाते, म्हणून तिथे स्टेनलेसचे बंद बेअरिंग किंवा वंगण न लागणारे प्लास्टिकचे बुश वापरावे. ‘चाके जड झाली, बदलायला हवीत’ म्हणून आलेल्या गाडीचा आस एकदा आम्ही काढला, तेव्हा बेअरिंग ठणठणीत होते. आस आणि चिमटा यांच्या मधल्या जागेत केस, सुतळीचे धागे आणि खोकी बांधायची प्लास्टिकची पट्टी इतकी घट्ट गुंडाळली गेली होती की ती ब्लेडने कापून, थर थर करून काढावी लागली. ती निघाल्यावर चाक बोटाच्या टिचकीने फिरू लागले. जिथे असा कचरा पडतो तिथे आसाला धागारोधक चकत्या असलेले कॅस्टर घ्यावे.

चार चाकांच्या गाडीत कोणती चाके फिरती आणि कोणती स्थिर, हाही निवडीचाच भाग आहे. फिरत्या कॅस्टरचा आस त्याच्या वरच्या, ज्याभोवती तो वळतो त्या खिळीच्या बरोबर खाली नसतो, थोडा बाजूला असतो. त्यामुळे गाडी ज्या दिशेने जाईल तिकडे चाक आपोआप मागे वळून सरळ होते. लांब, सरळ मार्गासाठी दोन स्थिर आणि दोन फिरती चाके ठेवावी, आणि फिरती चाके ढकलणाऱ्याच्या बाजूला असावी. ती पुढे लावली, तर वळवण्यासाठी फार जोर लावावा लागतो. अरुंद जागेत, जिथे गाडी आडवी सरकवावी लागते, तिथे चारही फिरती बरी, पण अशी गाडी उतारावर आणि लांब अंतरावर सरळ ठेवणे कष्टाचे असते. चाकाची धाव, म्हणजे जमिनीला टेकणारी कड, सपाट आणि रुंद असेल तर वजन पसरते, पण जागच्या जागी वळताना ती फरशी घासते. मध्ये किंचित फुगीर धावेचे चाक सहज वळते. ब्रेक हवा असेल, तर तो चाकाबरोबर कॅस्टरचे फिरणेही थांबवतो का ते पाहावे. नुसते चाक अडवणाऱ्या ब्रेकवर उभी केलेली गाडी खिळीभोवती डोलत राहते. हा ब्रेक उभ्या गाडीसाठी असतो, चालत्या गाडीचा वेग कमी करण्यासाठी नव्हे.

जुन्या गाडीला नवे चाक बसवताना मापे चुकली, तर वरची सगळी निवड वाया जाते. कॅस्टरसाठी चाकाचा व्यास पुरत नाही. जमिनीपासून पाटीच्या (कॅस्टरची गाडीच्या तळाला बोल्टने बसणारी पट्टी) वरच्या पृष्ठभागापर्यंतची पूर्ण उंची आणि बोल्टच्या भोकांची केंद्रापासून केंद्रापर्यंतची लांबी-रुंदी मोजावी. चारांपैकी एकच कॅस्टर बदलला आणि तो तीन-चार मिलिमीटर उंच निघाला, तरी गाडी डुगडुगते आणि एका चाकावर कायमचा जास्त भार येतो; म्हणून निदान जोडी बदलावी.

दोन चाकी ट्रॉलीसाठी आसाची जाडी, तुंब्याची (चाकाच्या मधल्या, आस जातो त्या भागाची) लांबी आणि तुंबा मधोमध आहे की एका बाजूला बाहेर आलेला आहे, हे पाहावे. आसाच्या मापात इंच आणि मिलिमीटर यांचा घोळ फार होतो. पाच अष्टमांश इंचाचा आस १५.८७५ मिलिमीटरचा असतो. त्यावर १६ मिलिमीटरचे बेअरिंग बसते, पण १६ मिलिमीटरच्या आसावर पाच अष्टमांश इंचाचे बेअरिंग चढत नाही. पाऊण इंचाचा आस १९.०५ मिलिमीटरचा, त्यावर २० मिलिमीटरचे बेअरिंग चढते खरे, पण जवळपास एक मिलिमीटर ढिले राहते आणि चाक लडबडते. टायरवरील आकड्यांत ४.१०/३.५०-४ लिहिले असेल, तर शेवटचा आकडा रिमचा इंचातला व्यास आणि आधीचे आकडे टायरच्या रुंदीचे. ३.००-४ आणि २६०×८५ हे मात्र एकाच मापाचे दोन प्रकारचे लेखन आहे. पहिले इंचात, दुसरे मिलिमीटरमध्ये. व्यास बदलायचा मोह झाला, तर ट्रॉली उभी करून खालची पट्टी पाहावी. मोठे चाक लावले की पट्टीची पुढची कड आणि जमीन यांचा मेळ बिघडतो, ती खोक्याखाली सरकत नाही. लहान लावले तर ट्रॉली मागे झुकवताना तोल वेगळ्या कोनात सापडतो आणि जास्त भार हातांवर येतो.

चाके बसली की स्प्लिट पिन आणि नट तपासून गाडी पूर्ण भरावी आणि सुरुवातीला पट्टी लावून मोजलेल्या त्या सर्वांत वाईट उंबरठ्यावरून, रोज ती ढकलणाऱ्या माणसाच्याच हातून, जाताना आणि परत येताना नेऊन पाहावी. पहिल्या आठवड्यानंतर बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत, कारण नव्या पाटीखालचा रंग दबतो आणि बोल्ट सैल होतात.